चांगुणेची मलबार हिल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते खेकड्याचं बीळ बुजवायचं.

फाल्गुनातली दुपार होती. खाडीला ओहोटी लागलेली. आमच्या वाटणीच्या बांधाला, शेताच्या अंगानं, चांगुणेला एक भोक दिसलं. मला दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "उंदराचं असेल."

"उंदीर तोंड पुसून जातो. याच्या तोंडाला ओल हाय," ती म्हणाली.

तिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायचं नाही, कुदळ घ्यायची, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो होतो. मी बीळ उकरलं. तिनं पेंढ्यात चिखल कालवून गोळे केले, एकेक गोळा आत सारला, आणि शेवटचा वर ठेवून उजव्या टाचेनं दाबला. दाबताना माझा खांदा धरला. पूर्वी धरत नसे, हल्ली धरायची.

"हे वाळून तडकल. अवसेच्या आदी वर दुसरा हात दिला पायजे. इसरू नका."

"इसरायला तू कुठं देतेस?" मी म्हटलं.

घरी आलो. तिनं जवळा भाजला, मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण होईपर्यंत एवढंच घडलं.

आमचं गाव खारेपाटातलं, रेवसच्या वाटेवर. खारेपाट म्हणजे सपाट जमीन, आणि भरतीचं पाणी त्या जमिनीहून वर. मधे मातीचा बांध. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाटणीला आलेला. आपला तुकडा आपण राखायचा. बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड पडली. मग खारं पाणी शिरतं आणि पुढं किती वर्षं त्या जमिनीत दाणा होत नाही, एकट्याच्या नाही, अख्ख्या गावाच्या. ज्याच्या तुकड्यात खांड पडली त्याला कोणी मारत नाही. पण त्याच्या दारात कोणी बसतही नाही.

हे सांगितलं नाही तर चांगुणा कळणार नाही. ती या बांधाखाली जन्मली, आणि बांधाखालीच माझ्या घरी आली. जगातली कुठलीही वस्तू आपल्या जागी राहील असा तिला भरवसा नव्हता. पाटा हलू नये म्हणून खाली खापर. बाजल्याच्या पायाला दगडाची चीप. दाराला दगड. गाडी उभी केली की चाकाला दगड, बैल सोडून गोठ्यात बांधलेले असले तरी. मी अंगणाबाहेर पाऊल टाकलं की विचारायची, "कुठं? कवा येनार? आन न्हाय आलात तर कोनाला इचारू?"

शेजारची बायजा तोंडाची फटकळ. ती साऱ्या आळीला सांगायची, "चांगुणा नवऱ्याच्या नाकाखाली हात धरून बघते, चालू हाय का बंद पडलाय."

लोक हसायचे. पण ते खोटं नव्हतं. मी दुपारचा पडलो आणि घोरणं थांबलं की तो हात येई. चुलीच्या राखेचा वास असलेला.

पाण्याचं भय तर तिला होतंच. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच्या महिन्यात मुंबईहून रेवसला येणारी बोट बुडाली. त्यात तिचा थोरला भाऊ होता. नंतर किती दिवस ती बंदरावर जाऊन बसे. तो काही आला नाही. तेव्हापासून तिनं लाँचचं नाव काढलं की थुंकायचं ठरवलं होतं. आणि हीच बाई पुढं आमच्या गावातल्या बायकांना मलबार हिल दाखवायला नेऊ लागली. कशी, ते सांगतो.

आम्हाला एकच मुलगा जगला, नामा. मिशी फुटायच्या सुमाराला तो मुंबईला गेला. मलबार हिलवर एका शेटच्या बंगल्यात फरशी पुसायला. जाताना आईला म्हणाला, "आये, एकच उन्हाळा. आषाढाच्या उधाणाला बांधावर हाय मी."

आषाढ आला, उधाण आलं, बांधावर आम्ही दोघंच. पुढच्या आषाढातही दोघंच. नाम्याचा निरोप यायचा, बरा आहे, शेट सोडत नाही.

चांगुणा जेवेनाशी झाली. बांध कोण राखणार हे तिचं दुखणं. माझा गुडघा तेव्हाच बोलायला लागला होता. ती म्हणायची, "तुमी अर्धे, मी अर्धी. दोन अर्ध्यांचा बांध किती वर्सं चालंल? पोराला आनलाच पायजे." मी म्हटलं, मी जाऊन कान धरून आणतो. ती म्हणाली, "तुमी कान धराल आन तो हिसडा देईल. मी जाते."

"लाँचनं?"

"मग काय बांधावरून चालत?"

गावात खबर लागली की चांगुणा मुंबईला निघाली. झालं. बायजा तयार, बायजाची जाऊ तयार, आणखी चारसहा जणी तयार. मळणी झालेली होती, हात रिकामे होते, आणि मुंबई कोणी पाहिली नव्हती. चांगुणेनं त्यांना मुलाला आणायला जाते असं सांगितलं नाही. पोराला आणायला गेली आणि रिकामी आली, असं कोणी म्हणू नये म्हणून. म्हणाली, "डोंगरावरची बाग बघाय जाते." एवढीच लबाडी तिला यायची, ती तिनं केली. आणि मग दरवर्षी मळणीनंतर तीच लबाडी चालू राहिली.

मी त्या फेरीत एकटा पुरुष. सामान धरायला.

लाँचमध्ये तिनं पाण्याकडे पाठ केली आणि डोळे मिटून बसली. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तसं तिनं पहिलं काम केलं ते सगळ्या बायकांचे पदर एकमेकींना गाठी मारून बांधले. मळणीला खळ्यात बैल एका दावणीला बांधतात तसे. एकीचा पदर दुसरीच्या पदराला, दुसरीचा तिसरीच्या. पुढं स्वतः, शेवटी मी. माझ्या उपरण्याला बायजाच्या पदराची गाठ.

बायजा गप्प बसते होय? "चांगुणे, तुझ्या दादल्याचं माझ्यासंगं लगीन लावलंस ग! आता सवत म्हून नांदव मला!"

"नांदवीन," चांगुणा म्हणाली. "आदी हरवू नकोस."

ट्रामच्या कंडक्टरनं आमच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. एकीला चढायचं तर सगळ्यांनी चढायचं, एकीला शिंक आली तर सगळ्या हलायच्या. गिरगावात उतरून पायी निघालो, चौपाटीवरून, मग डोंगराची चढण. लोक उभे राहून बघत. चांगुणा मागं वळून वळून गाठी चाचपायची. तिचं लक्ष समुद्राकडं. बाकीच्या म्हणत, केवढी घरं, केवढ्या मोटारी. चांगुणा म्हणे, "वाळू किती उघडी पडलीय बघा. पाणी उतरतंय. परतीची लाँच रेवसला गाळात बसंल."

मलबार हिलवर चढून लोक काय बघतात ते मी पुष्कळ वेळा पाहिलं. पुढून समुद्राचा वाक, वाकाच्या कडेनं इमारती. बायका तोंडात पदर घालून उभ्या राहत. चांगुणेला तिथून दोनच गोष्टी दिसायच्या. एक म्हणजे चौपाटीची वाळू, म्हणजे पाणी किती. दुसरी, हवा स्वच्छ असेल तर पार पलीकडे एक धुरकट रेघ. "तो कनकेश्वराचा डोंगर. त्याच्या पायथ्यापासून अलीकडं धरा, तिथं आपला बांध." माझा हात धरून दाखवायची. मला रेघसुद्धा दिसायची नाही. मी म्हणायचो, "दिसला, शाबूत हाय." मग ती जरा खाली बसायची.

पण दाखवायची मात्र झकास. पहिल्या वर्षी नाम्यानं तिला जे जे सांगितलं ते दुसऱ्या वर्षापासून तिचं झालं. झुडपं कापून केलेले हत्ती, उंट, बैल होते. ते दाखवताना म्हणायची, "यांना चारा न्हाय, पानी न्हाय, फकस्त भादरत राहायचं." मोठ्या बंगल्यांची दारं दाखवायची. दाराशी मिशीवाला पठाण. "याचं काम काय? तर दार हाय तिथंच हाय का ते बघायचं." हे काम तिला पटलेलं होतं. त्या पठाणाला ती दरवर्षी हात जोडायची.

बाणगंगेच्या तळ्यावर नेलं की पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची. बदकं, शेवाळ, काही बघायची नाही. "गोडं हाय," म्हणायची, दरवर्षी, नव्यानं. "दर्या हाकेवर, आन पानी गोडं. यांचा बांध कोन राखतो?" तिथल्या एका भटजीनं सांगितलं, बाई, देवाची करणी. तिनं मला कानात सांगितलं, "देव कवाचा बांधावर बसतो? कोनाचं तरी पोर बसवलं असंल."

म्हातारीचा बूट नवा होता तेव्हा. दगडी बूट, माडीएवढा, आत जिना, पोरं वर चढून ओरडतात. बायजा खाली उभी राहून म्हणाली, "एवढ्या पायाची म्हातारी आमच्या गावात पायजे व्हती. एक टाच मारली की सगळा बांध बुजला!" सगळ्या हसल्या. चांगुणाही हसली. मग म्हणाली, "एवढी मोठी म्हातारी, आन बूट टाकून गेली कुठं?" आणि तिचं तोंड उतरलं. तिला त्याचीही काळजी.

नाम्या भेटायचा तो वरच्या बागेत, चार वाजता. तोपर्यंत त्याची फरशीवरून बढती झाली होती. शेटची म्हातारी आई चाकाच्या खुर्चीत, तिला बागेत फिरवून आणायची. खुर्ची सोडून त्याला कुठं जाता यायचं नाही. म्हणून बाकाच्या एका टोकाला चांगुणा, पलीकडे खुर्ची, मधे उभा नाम्या. पांढरा कोट, पायात बूट. पहिल्या वर्षी तिनं त्याला ओळखलंच नाही, पदराची गाठ धरून नुसती बघत राहिली.

तिथं रस्ता जरा उतरता होता. चांगुणेचं लक्ष पोराकडं कमी, चाकाकडं जास्त. शेवटी उठली, वाफ्याच्या कडेचा एक दगड उचलला आणि खुर्चीच्या चाकामागं लावला.

म्हातारी शेठाणी गुजराती. तिनं मान वळवून विचारलं, "ए बाई, चाकमधे काय घातला?"

"दगड, माय. उतार हाय."

"हा नामा धरते ना."

"धरतो, पन शिंकला तर?"

म्हातारी एवढी हसली की नाम्या घाबरला. पुढच्या वर्षी पाहिलं तर खुर्चीखालच्या जाळीत दगड ठेवलेला. म्हातारी रोज नाम्याला आठवण करायची म्हणे, "नामा, तारी मानो पत्थर." तुझ्या आईचा दगड.

दर वर्षी निघताना चांगुणा एकच विचारायची. गाठी मारता मारता, खाली बघून. "औंदा आषाढात येशील ना रं?"

तो म्हणायचा, "बघतो, आये."

येताना लाँचवर ती पाठमोरी, डोळे मिटून. बायका शेंगा खात गमती सांगत. मला एकट्याला ठाऊक, बाग बघून झाली पण काम झालेलं नाही.

एका वर्षीची गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. नाम्यानं बोलता बोलता आईला सांगितलं की ही बाग आहे ना, तिच्या पोटात पाण्याची टाकी आहे. अख्ख्या तळ्याएवढी. मुंबईचं प्यायचं पाणी. वर स्लॅब, स्लॅबवर माती, मातीवर फुलं.

चांगुणेचा चेहरा मी पाहिला. ती पाय उचलून बाकावर घेऊन बसली.

"म्हंजे आपन पान्यावर बसलोय?"

"हां."

"आन ही मानसं इथं फिराय येतात? पोरं घेऊन?"

त्या दिवशी तिनं भेट लवकर आटोपली. सगळ्यांना घेऊन बागेखालच्या वाटेनं उतरायला लागली. तिथं दगडी भिंत आहे. भिंतीत एक भोक, आणि भोकातून पाणी टिपटिप गळतंय. खाली ओला डाग.

मला वाटतं तिला मुंबई दिसेनाशी झाली. ती ओरडली, "माती आना गं! माती!"

खारेपाटातल्या बाईला ही हाक ऐकून विचार करायचा नसतो. आमच्याकडं ही हाक आली की जेवणावरून उठायचं. गाठीत बांधलेल्या त्या सगळ्या जणी एका दमात वाफ्यावर पडल्या, हातांनी माती उकरू लागल्या. फुलझाडं उपटून बाजूला, मातीचे गोळे हातोहात पुढं. मीही गोळे दिले, खोटं कशाला सांगू. चांगुणेनं भोक गच्च भरलं, टाच वर पोचेना म्हणून तळहातानं थापटलं.

माळी धावत आला. घाटावरचा होता. हातात कात्री. "अहो बाया! काय चाललंय काय? वाफा माझा!"

"पानी गळतंय तुमच्या भिंतीतनं," चांगुणा म्हणाली. "वर येवढं तळं हाय. खांड पडली तर खाली गिरगाव जाईल."

माळ्यानं भिंतीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. म्हणाला, "बाई, टाकी तिकडं राहिली. हे मी झाडांना घातलेलं पाणी आहे. आणि हे भोक मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. मातीत मुरलेलं पाणी बाहेर जायला वाट नको? भोक बुजवलं तर पाणी आत तुंबून भिंतच फुटेल. काढा ती माती."

तिनं माती काढली. सगळ्यांसमोर, आपल्याच हातानं. मग माळी फुलझाडांसाठी रडायला लागला, तेव्हा बायका खाली बसल्या आणि सगळी रोपं परत लावून दिली. पण आमच्या बायका. लावणीला भाताचं आवण लावतात तशी कमरेत वाकून, मागं मागं सरत, सरळ ओळीत. माळी म्हणाला, "पहिली गोल लावली होती हो." पण मग हसला आणि पाणी प्यायला दिलं.

त्या दिवशी लाँचवर ती डोळे उघडे ठेवून बसली होती. मला म्हणाली, "भोक मुद्दाम ठेवतात?"

मी म्हटलं, "शहाणी मानसं. ठेवत असतील."

"आमी चुकलो मग."

"चुकलीस."

ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नाही. बांधावर फिरताना मधेच थांबून म्हणायची, "मुद्दाम!" आणि मान हलवायची.

नंतरच्या वर्षी नाम्या म्हणाला, आये, माझी खोली बघ. बंगल्याच्या मागं नोकरांच्या खोल्या, त्यातली एक म्हातारीनं त्याला दिली होती. मी आणि चांगुणा गेलो. बाकीच्या बायकांना मिशीवाल्या पठाणाजवळ बसवलं, गाठींसकट. खोली लहान. एक खाट, एक पेटी, खिडकी. कोपऱ्यात मोरी, मोरीत नळ. नाम्यानं नळ सोडून दाखवला. पाणी आलं. बंद केला. गेलं.

चांगुणा खोलीत फिरली. भिंतीला खालून, अगदी जमिनीलगत, हात लावत गेली. चारी भिंती. बोटं नाकाशी धरून हुंगली. आमच्या घरात भिंतीला खालून नेहमी ओल असते, मीठ फुटतं, चुना पोपडे धरून पडतो. तिला पायाशी कोरडी भिंत ठाऊक नव्हती.

"कोरडी हाय," ती म्हणाली.

"डोंगरावर हाय ना, आये. इथं कुठलं उधाण?"

ती खाटेवर बसली. मग उठून खाटेचा पाय हलवून पाहिला. हलत नव्हता.

मी वाट बघत होतो, आता विचारील. औंदा येशील ना. नाम्याही वाट बघत होता, त्याचं "बघतो" त्याच्या ओठावर येऊन थांबलेलं मला दिसत होतं. तिनं पदर सावरला, त्याच्या कोटाची एक गुंडी सैल होती ती पिळून पाहिली, आणि म्हणाली, "सुई-दोरा हाय का?" गुंडी लावून दिली आणि आम्ही निघालो. तिनं विचारलं नाही.

लाँच सुटली तेव्हा मी म्हटलं, "इचारलं न्हायस?"

ती मुंबईकडं तोंड करून बसली होती. डोंगर लहान होत होता. म्हणाली, "त्या माळ्यानं सांगितलं व्हतं ना. एक भोक मोकळं ठेवावं लागतं. न्हायतर भिंत फुटते." थोड्या वेळानं म्हणाली, "बांध आता आपल्या दोघांचा."

त्यानंतर ती मुंबईला गेली नाही. बायजा दरवर्षी म्हणायची, चल की ग, बूट बघू. ती म्हणायची, माझं बघून झालं. बायजानं एकदा आपणच बायकांना न्यायचा प्रयत्न केला, पदर बांधले नाहीत, आणि जावेला चौपाटीवर हरवलं. सापडली संध्याकाळी भेळवाल्याजवळ, मजेत. पण गावात बोलणं झालंच, चांगुणा असती तर हरवली नसती.

मग आम्ही दोन अर्धे मिळून बांध राखला. किती पावसाळे गेले. ती पुढं, मी मागं घमेलं घेऊन. दर अवसेला, दर पुनवेला. बोलणं फार नाही. "इथं ओल हाय." "हां." "हितं पेंढा घाला." "हां." आमच्या तुकड्यात खांड पडली नाही. जवळ आली होती एकदा, आषाढात, तेव्हा सगळं गाव धावलं आणि बायजाच्या दोन सुनांनी रात्र पडायच्या आत माती पुरवली. त्या दिवसापासून चांगुणेची भूक आणखी कमी झाली. माणसांचं ऋण तिला खाऱ्या पाण्यासारखं वाटायचं.

बीळ बुजवलं त्या संध्याकाळी जेवल्यावर ती ओट्यावर बसली. म्हणाली, छातीवर कोणी चीप ठेवल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, वारा खा. तिनं विचारलं, "पाणी कवा चढल?" मी सांगितलं. तिनं मान हलवली. मी आत पाणी आणायला गेलो. बाहेर आलो तर ती भिंतीला टेकलेली. या खेपेला मी तिच्या नाकाखाली हात धरला.

बायजाचा मुलगा सायकलवर अलिबागला गेला आणि त्यानं नाम्याला तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या लाँचनं नाम्या आला. पांढऱ्या कोटातच. त्यानं अग्नी दिला. खाडीच्या कडेला, जिथून आमचा बांध दिसतो तिथं.

सकाळी मी उठलो. अवस दुपारी लागणार होती. मी कुदळ आणि घमेलं घेतलं.

बायजा अंगणात आली. माझ्या हातातलं घमेलं धरलं. "भावजी, सुतक हाय. बांधाला हात लावू नका. माझी पोरं लावतील."

मी म्हटलं, "बाई, खेकडे सुतक पाळत न्हाईत."

तिनं घमेलं सोडलं. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तिचंच तोंड घेतलंत." मला बरं वाटलं.

मागून नाम्या आला. विजार दुमडून, अनवाणी. बांधाच्या दगडावर, कालवांच्या शिंपांवर तो पाय जपून टाकत होता. खाडीत पाणी अजून खाली होतं. मी बिळापाशी पोचलो.

माती वाळली होती, कडेनं बारीक तडा गेला होता, ती म्हणाली होती तसा. आणि मधोमध तिच्या टाचेचा ठसा. गोल, खोल. एका बाजूला जास्त दबलेला, कारण माझा खांदा धरून ती तिकडं झुकली होती. टाचेला भेग होती, ती भेगसुद्धा मातीत उमटलेली.

मी पेंढा कालवला. नाम्याला म्हटलं, माती आण. त्यानं विचारलं, "कुठनं काढायची, आबा?" एवढं विसरला होता. मी दाखवलं. त्यानं आणली. मी गोळा केला आणि हातात धरून उभा राहिलो.

नाम्या खाली वाकून बघत होता. म्हणाला, "आबा, हा राहू दे ना. बाजूनं लाव."

"बाजूनं लावलं तर मधनं शिरंल."

"एवढाच राहू दे."

"तुजी आय शिव्या देईल," मी म्हटलं. आणि गोळा ठशावर ठेवला.

टाच मारायला पाय उचलला. गुडघा वर येईना. कोणाचा तरी खांदा धरायची सवय तिला होती, मला नव्हती. मी पाय खाली घेतला. म्हटलं, "तू दाब."

त्यानं टाच ठेवली. बुटात राहून राहून मऊ झालेली, पांढरी. जोर कमी पडला.

"अजून," मी म्हटलं.

त्यानं माझा खांदा धरला आणि सगळा भार दिला.

मग तो तिथंच उभा राहिला, खाडीकडं बघत. खालच्या चिखलावर पाण्याची पहिली जीभ येत होती.

"आबा," तो म्हणाला, "पाणी कवा चढल?"

मी त्याला सांगितलं. आणि आम्ही बसलो, पाणी चढेपर्यंत.